‘तक्रार काहीच नाही, पण…’ : कॅन्सर रुग्णांचे लेखी अभिप्राय वाचायचे कसे

“सगळे फार चांगले आहेत. सिस्टर तर घरच्यासारख्या. तक्रार काहीच नाही. केस जाणार हे सांगितलं होतं, पण ते असे सकाळी उशीवर सापडतील हे माहीत नव्हतं. त्या रात्री मुलगी माझ्या कुशीत झोपली होती.”

हा अभिप्राय मी या लेखासाठी रचला आहे. पुढे येणारेही रचलेलेच आहेत, कारण एखाद्या रुग्णाने विश्वासाने लिहून दिलेलं उचलून असं मांडणं मला पटत नाही. मात्र असले कागद ज्यांनी वाचले आहेत त्यांना ही धाटणी ओळखीची वाटेल. आधी कौतुक, मग ‘तक्रार नाही’ची ग्वाही, मग एक ‘पण’, आणि त्या ‘पण’नंतर खरं काय ते. समजा, याच बाईंनी फॉर्मवर समाधानाचे गुण दिलेत पाचापैकी पाच.

मग हा अभिप्राय चांगला म्हणायचा की वाईट? सरासरी काढणाऱ्याच्या लेखी उत्तम. ‘तक्रार’ या गठ्ठ्यातही तो जाणार नाही, कारण बाईंनी स्वतःच तसं लिहून दिलंय. म्हणजे या कागदातली सर्वांत कामाची गोष्ट कुठल्याच रकान्यात न बसता निसटून जाते. ती निसटू नये म्हणून जी शिस्तशीर वाचनाची पद्धत वापरतात, तिच्याबद्दल हा लेख आहे.

कॅन्सरमध्ये शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हे उपचार झाले. त्यांच्या आजूबाजूला आणखी बरंच काही लागतं: वेदना आणि मळमळ आटोक्यात ठेवणं, आहाराचा सल्ला, समुपदेशन, फिजिओथेरपी, स्टोमाची (मल-मूत्रासाठी पोटावर केलेल्या छिद्राची) पिशवी कशी बदलायची हे शिकवणारी नर्स, हेल्पलाइन, रुग्णांचे गट, आणि रुग्ण गेल्यावर घरच्यांना आधार. या सगळ्याला मिळून सहायक सेवा म्हणू. गाठ किती मिलिमीटरने कमी झाली ते स्कॅन सांगतो. सहायक सेवेचं तसं नसतं. ती उपयोगी पडली की नाही, हे ज्याला ती मिळाली त्यालाच विचारावं लागतं.

विचारायचं म्हटलं की पहिला हात जातो गुणांकडे. गुण मोजायला सोपे, तक्त्यात छान दिसतात. पण समाधानाचे आकडे बहुतेक ठिकाणी वरच्या टोकाला चिकटलेले असतात. १९९८ मध्ये ब्रायन विल्यम्स, जोआन कॉइल आणि डेव्हिड हीली या संशोधकांनी याच्या मुळाशी जायचा प्रयत्न केला. त्यांना आढळलं की वाईट अनुभव आला तरी माणूस लगेच असमाधानी होत नाही. तो मनातल्या मनात दोन प्रश्न विचारतो. हे करणं त्यांचं कर्तव्य होतं का? आणि असलं, तरी चूक त्यांची होती का, की त्यांचाही नाइलाज होता? दोन्हीकडून सेवेला दोषी धरता आलं तरच तो कमी गुण देतो. नाहीतर ‘बिचाऱ्या सिस्टर एकट्याच होत्या’ म्हणून पैकीच्या पैकी. थोडक्यात, गुण हा रुग्णाने दिलेला निवाडा असतो, आणि निवाडा देताना तो भरपूर माफी देतो. अनुभव काय होता, ते मजकुरातच सापडतं.

मजकूर हातात आला की वाचायला बसण्याआधी तीन गोष्टी बघून घ्याव्यात.

पहिली, प्रश्न काय होता. इंग्लंडमध्ये कॅन्सर रुग्णांच्या अनुभवांची राष्ट्रीय पाहणी २०१० पासून होते. त्यात मोकळं लिहायला जागा ठेवतात आणि काय विशेष चांगलं होतं, काय सुधारता आलं असतं, असं वेगवेगळं विचारतात. तिथल्याच सरकारी आरोग्यसेवेत २०१३ मध्ये एक छोटी चाचणी सुरू झाली: ही सेवा तुम्ही मित्रांना किंवा कुटुंबीयांना सुचवाल का? कॅन्सर वॉर्डातल्या माणसाला हा प्रश्न विचारून पाहा. आपल्या माणसांना हा वॉर्ड सुचवायची वेळच येऊ नये असं त्याला वाटत असणार. २०२० मध्ये तो प्रश्न बदलून सरळ ‘एकूण अनुभव कसा होता’ असा केला गेला. प्रश्न जसा, तसं उत्तर. ‘काय सुधारता येईल?’ असं विचारल्यावर पार्किंगबद्दल लिहून आलं, तर लोकांना पार्किंगचीच पडली आहे असा त्याचा अर्थ होत नाही. सुचवायला सोपं तेवढं ते सुचवतात.

दुसरी, लिहिलं कुणी. मराठीत ही सोय आयती आहे. ‘मी गेले’, ‘मी गेलो’, ‘बाबांना नेलं’, ‘आम्हाला सांगितलं’ या क्रियापदा-सर्वनामांवरून लेखणी कुणाच्या हातात होती ते बहुधा कळतं. एकाच कागदावर ‘मी’ मध्येच ‘आम्ही’ झाला असेल तर थांबून बघावं, कारण रुग्णाचा आणि त्याची काळजी घेणाऱ्याचा अनुभव एक नसतो. मुलगा लिहितो, ‘सगळं स्पष्ट सांगितलं’. ज्याला सांगितलं ते बाबा नसून तो स्वतः असू शकतो. तिसरी गोष्ट, कधी लिहिलं. केमो चालू असताना थकवा असतो, लक्ष टिकत नाही. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सॅलिप्लॅटिनसारख्या काही औषधांनी बोटं बधिर होतात, पेन धरवत नाही. दोन शब्दांच्या उत्तरामागे असंही कारण असू शकतं. आणि ज्यांची तब्येत फार बिघडली, जे मध्येच सोडून गेले, ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे कागद गठ्ठ्यात नसतातच. ही उणीव कुठल्याही हिशेबाने भरून निघत नाही. अहवालात ती पहिल्याच पानावर लिहावी, तळटीपेत ढकलू नये.

आता प्रत्यक्ष वाचन. या कामाची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे थीमॅटिक ॲनालिसिस, मराठीत आशयसूत्रांचं विश्लेषण. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क या दोघींनी २००६ मध्ये तिच्या सहा पायऱ्या मांडल्या: मजकूर पुन्हा पुन्हा वाचून अंगवळणी पाडणं, कोड देणं, कोडांतून सूत्रं बांधणं, ती तपासणं, त्यांना नावं देणं आणि शेवटी लिहून काढणं. ऐकायला सरळ वाटतं. अवघड आहे ती कोडापासून सूत्रापर्यंतची उडी, म्हणून तीच जवळून बघू.

कोड म्हणजे वाक्याच्या समासात लिहिलेली छोटीशी चिठ्ठी. वरच्या अभिप्रायाला नवखा माणूस कोड देईल ‘केस गळणे’. चूक नाही, पण त्याने काही हाती लागत नाही. केस गळतात हे आपल्याला आधीच ठाऊक होतं. जरा थांबून वाचलं तर दिसतं की बाईंचं दुःख केस गेल्याचं जेवढं आहे, त्याहून जास्त ते कसे आणि कुणासमोर गेले याचं आहे. मग कोड होतात: ‘काय होणार ते कळलं, कसं होणार ते नाही’, ‘मुलांसमोर’, ‘आधी दोषमुक्त करून मग सांगणे’. शेवटचा कोड मला फार आवडतो, कारण तो आशयाचा नसून सांगण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो गठ्ठाभर कागदांवर पुन्हा पुन्हा लागू होतो.

आता दुसरा कागद. “स्टोमाची माहितीपुस्तिका दिली, त्यात सगळं आहे. फक्त पिशवीतून आवाज येतो ते नव्हतं. शांत खोलीत दहा माणसं बसलेली होती.” आणि तिसरा, मान आणि डोक्याला रेडिएशन घेणाऱ्याचा. अशा उपचारात डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर थर्मोप्लास्टिकचा साच्यासारखा मुखवटा बसवतात आणि तो टेबलाला पक्का करतात. तो लिहितो, “मास्क लावणार हे माहीत होतं. बोलता येणार नाही हे आत गेल्यावर कळलं. हात वर केला तर बघतात, हेही नंतर कळलं.”

विषयवार लावायचं तर हे तीन वेगळे गठ्ठे आहेत: केस, स्टोमा, रेडिएशन. फार तर एकत्र करून वर ‘माहिती’ असं लेबल लावू. बरेच अहवाल इथेच थांबतात: ‘माहिती या विषयावर इतके अभिप्राय आले’. ब्राउन आणि क्लार्क यांचा आक्षेप नेमका यावर आहे. विषयाची यादी म्हणजे सूत्र नव्हे. सूत्रात एक म्हणणं असावं लागतं, वेगवेगळ्या कागदांतून वाहणारं. या तिघांना माहिती मिळालेली होती. तिघंही तसं आवर्जून लिहितात. मिळाली नव्हती ती तयारी. सूत्र असं मांडता येईल: ‘सांगितलं होतं, पण तो क्षण कसा असेल हे आधी कुणी दाखवलं नव्हतं.’

फरक शब्दांचा वाटेल, पण परिणाम बघा. अहवालात ‘माहिती अपुरी’ असं गेलं तर व्यवस्थापन आणखी एक पुस्तिका छापणार. पहिली असताना दुसरी. सूत्र नीट मांडलं तर मागणी वेगळी होते: मुखवटा आधी हातात द्या, खूण कशी करायची ते झोपवण्यापूर्वी सांगा, आणि केस गळायच्या सुमारास एक फोन करा.

ब्राउन आणि क्लार्क आणखी एका वाक्प्रचारावर चिडतात: ‘मजकुरातून सूत्रं वर आली’. सूत्रं काही साय नाही वर यायला. वाचणाऱ्याने ती बांधलेली असतात, त्याच्या अनुभवासकट आणि पूर्वग्रहांसकट. नर्स वाचेल तेव्हा तिला मनुष्यबळ दिसेल, समुपदेशकाला भीती दिसेल. म्हणून कोणी वाचलं हेही अहवालात यायला हवं.

अशा वाचनपद्धतींचं एक मोठं मूळ कुठे आहे ते कळल्यावर मी थोडा चकित झालो होतो. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये ‘ग्राउंडेड थिअरी’ मांडली, म्हणजे सिद्धान्त आधी ठरवून न ठेवता निरीक्षणांतून घडवत न्यायचा. ही पद्धत त्यांच्या हाती आली ती रुग्णालयांत मरणासन्न माणसांचा अभ्यास करताना. आपण मरणार आहोत हे रुग्णाला माहीत आहे का, घरच्यांना माहीत आहे का, आणि दोघांनाही माहीत असून दोघंही नाटक करताहेत का, याची उकल ते करत होते. योगायोग असा की त्याच वर्षी सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. त्यांची ‘समग्र वेदना’ ही कल्पनाही रुग्णांचं बोलणं ऐकून, टिपून घडली. एका रुग्ण बाईंना त्यांनी दुखण्याबद्दल विचारलं; उत्तराचा आशय असा की सुरुवात पाठीपासून झाली, पण आता सगळी मीच बिघडले आहे असं वाटतं. पुढे त्याच बाईंनी नवऱ्याच्या ओढाताणीबद्दल, पैशांबद्दल, एकटेपणाबद्दल सांगितलं. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि अर्थ शोधण्याची अशी एकत्र असते, हे सॉन्डर्स यांना अशा संभाषणांनी शिकवलं.

कोड देण्याचा एक तोटा असतो: माणसाचे तुकडे होतात. एक वाक्य ‘वेदना’मध्ये, दुसरं ‘कर्मचारी’मध्ये, आणि ती बाई कुठेच नाही. यावर जेन रिची आणि लिझ स्पेन्सर यांनी ब्रिटनमध्ये बसवलेली ‘फ्रेमवर्क’ पद्धत उपयोगी पडते. मोठा तक्ता आखायचा: प्रत्येक ओळ एका रुग्णाची, प्रत्येक रकाना एका सूत्राचा. उभं वाचलं की सूत्र दिसतं, आडवं वाचलं की माणूस. हे स्प्रेडशीटवर सहज जमतं, आणि लहान संस्थेला याहून भारी सॉफ्टवेअर क्वचितच लागतं.

दोन माणसांनी वेगवेगळं वाचून कोड जुळतात का ते बघावं, अशीही एक रीत आहे. तिथे जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला ‘कप्पा’ हा आकडा वापरतात. त्याची गरज का पडते ते एका हिशेबात कळेल. समजा दोघी जणी शंभर अभिप्राय वाचताहेत. ‘यात गाऱ्हाणं आहे का?’ या प्रश्नाला दोघींनीही दहा-दहा कागदांवर ‘हो’ म्हटलं, पण त्यातले सारखे फक्त पाच. मग पहिलीचे वेगळे पाच, दुसरीचे वेगळे पाच आणि दोघींनीही ‘नाही’ म्हटलेले पंच्याऐंशी. एकमत झालं ९० टक्के! भारीच. पण बहुतेक कागद आभाराचेच असल्याने डोळे मिटून ‘नाही’ म्हणत गेलं तरी बरंचसं जुळतं. नुसत्या योगायोगाने इथे ८२ टक्के जुळलं असतं. योगायोगाच्या वर किती जुळलं, तर उरलेल्या १८ पैकी ८, म्हणजे कप्पा ०.४४. साधारणच. गाऱ्हाणं कशाला म्हणायचं हेच त्या दोघींचं ठरलेलं नाही. माझ्या मते आकड्यापेक्षा ते न जुळलेले दहा कागद मोलाचे; त्यांच्यावर अर्धा तास वाद घातला की कोडांच्या व्याख्या सुधारतात. ब्राउन आणि क्लार्क यांना मात्र त्यांच्या पद्धतीत असं गुणमापन मान्य नाही. वाचनाला एकच बरोबर उत्तर असतं हे गृहीतकच त्यांना नको आहे.

हजारो अभिप्राय आले की यंत्राची मदत घ्यायचा मोह होतो, आणि काही कामांना ती घ्यावीच. फक्त ते कुठे घसरतं ते ठाऊक असावं. भावना ओळखणारी साधी साधनं शब्दांच्या यादीवर चालतात: चांगले शब्द, वाईट शब्द, बेरीज-वजाबाकी. कॅन्सरच्या जगात ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट ही बहुधा वाईट बातमी आणि ‘निगेटिव्ह’ ही सुटका. “आई शांतपणे गेली, शेवटच्या रात्री वेदना नव्हत्या” हे एखाद्या पॅलिएटिव्ह (वेदना कमी करून आराम देणाऱ्या) टीमला मिळू शकणारं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. शब्द मोजणाऱ्याला त्यात ‘शेवटच्या’ आणि ‘वेदना’ दिसतात. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो, तोवर यंत्राने शिक्का मारलेला असतो. “डॉक्टरसाहेबांनी पूर्ण दोन मिनिटं दिली, आभारी आहोत” यावर तर काही बोलायलाच नको.

२००३ मध्ये डेव्हिड ब्ले, अँड्र्यू एनजी आणि मायकेल जॉर्डन यांनी मांडलेलं टॉपिक मॉडेल जरा वेगळं चालतं. कोणते शब्द एकमेकांसोबत वारंवार येतात ते बघून ते गठ्ठे पाडतं. चार शब्दांच्या उत्तरांत सोबत येणारे शब्दच कमी, त्यामुळे तिथे ते फारसं चालत नाही. शब्दांचा क्रमही ते सोडून देतं, आणि ‘पण’ त्याच्या लेखी नसतोच. असे बारीकसारीक शब्द आधीच गाळून टाकायची रीत आहे. आताची भाषेची मोठी मॉडेल्स वाक्य समजल्यासारखं वागतात, उपरोधही बऱ्यापैकी पकडतात. त्यांचा दोष निराळा: सारांश गुळगुळीत करतात. एकाच माणसाने लिहिलेली विचित्र, पण मोलाची गोष्ट ‘काही रुग्णांनी माहितीबाबत सूचना केल्या’ या वाक्यात विरघळते. कधी तर कुणीच न लिहिलेलं वाक्य अवतरणचिन्हांत येतं. म्हणून एक नियम सोडू नये: सारांशातल्या प्रत्येक विधानापुढे मूळ अभिप्रायाचा क्रमांक हवा, आणि माणसाने तो उघडून बघितलेला हवा.

यंत्राला शब्द दिले, तरी रूपकं आपणच वाचावीत. लँकेस्टर विद्यापीठात एलेना सेमिनो आणि सहकाऱ्यांनी कॅन्सर रुग्ण, काळजी घेणारे आणि आरोग्यकर्मी यांच्या मुलाखतींचा व ऑनलाइन लिखाणाचा सुमारे १५ लाख शब्दांचा साठा अभ्यासला. ‘लढाई’ची भाषा रुग्णाला खचवते, असं म्हणायची पद्धत होती, ‘प्रवास’ बरा. त्यांना दिसलं ते इतकं सरळ नव्हतं. लढण्याच्या भाषेतून कुणाला बळ मिळतं, कुणाला हरल्याचा अपराध वाटतो. प्रवासाचंही तसंच, कुणाला सोबत सापडते, कुणाला न मागितलेली वाट. म्हणजे ‘लढतोय’ या शब्दाला कोड देताना पुढचं-मागचं वाक्य वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

मोजावं की नाही? मोजावं, पण काय मोजतोय ते ओळखून. “२३ जणांनी रात्रीच्या हेल्पलाइनचा उल्लेख केला” याचा अर्थ उरलेल्यांना ती आवडली असा होत नाही; त्यांनी लिहिलं नाही, एवढंच. आणि काही गोष्टी एकदाच आल्या तरी पुरतात. चुकीच्या औषधाचा उल्लेख, कुणी वाईट वागवल्याचा, किंवा “आता जगायचं नाही” असं वाक्य. हे कागद विश्लेषणाची वाट बघत तिमाहीच्या गठ्ठ्यात पडता कामा नयेत. गठ्ठा आला त्या दिवशीच कुणीतरी सगळं वरवर नजरेखालून घालावं आणि असा कागद योग्य माणसाच्या हातात द्यावा. वेळेत ऐकलं तर काय होतं याचा एक पुरावा आहे. अमेरिकेत ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांवर चाचणी केली. एका गटाने आपली लक्षणं केमोदरम्यान टॅब्लेट-संगणकावर नियमित नोंदवली आणि बिघाड दिसला की नर्सला सूचना जायची. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या गटाचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) ३१.२ महिने होतं, नेहमीच्या देखरेखीतल्या गटाचं २६. तिथे ठरावीक लक्षणांची नोंद होती, मोकळं लिखाण नव्हतं; पण नोंद दुसऱ्या टोकाला कुणीतरी वाचत होतं.

गुप्तता म्हणजे नाव खोडणं, एवढ्याने भागत नाही. ‘दुर्मिळ सारकोमा, जुळी मुलं, मंगळवारची बॅच’ इतकं छापलं की वॉर्डातले सगळे ओळखतात. उदाहरण देताना तपशील बदलावा, आणि बदलला आहे हे सांगावं. कर्मचाऱ्यांचंही तसंच. कौतुक नावानिशी पोचवावं. दोष देणारं वाक्य नावासकट भिंतीवर लागू नये.

आता उशीवरच्या केसांकडे परत. बहुतेक औषधांत केस गळायला लागतात ते पहिल्या केमोनंतर दोन ते तीन आठवड्यांनी. म्हणजे त्या बाई घरी असतात, पुढच्या केमोची तारीख कदाचित यायची असते, आणि विचारायला समोर कुणी नसतं. सूत्र हाती असेल तर करायचं ते छोटं आहे. नर्सच्या यादीत चौदाव्या दिवसाच्या आसपास एक फोन वाढवायचा, आणि पुस्तिकेत ‘केस गळू शकतात’ याच्या खाली दोन ओळी: “सकाळी उशीवर किंवा अंघोळ करताना एकदम बरेच केस हातात येतील. झोपताना मऊ टोपी घातली तर ते टोपीतच राहतात. घरात मुलं असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा.” पुढच्या खेपेचे अभिप्राय आले की ‘मुलांसमोर’ हा कोड पहिल्यांदा शोधायचा.